मोटारीमागचा घरगुती ट्रेलर : वाऱ्याचा रोध व इंधनाची बचत

शेतमाल पिकविण्याइतकेच तो बाजारात वेळेवर व अल्प खर्चात पोहोचविणे महत्त्वाचे आहे. मुळशी तालुक्यातील माण व त्याच्या परिसरातील गावांना हा प्रश्न विशेष जाणवतो. हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा विस्तार माण गावच्या शिवारापर्यंत झाला आणि पुष्कळशी जमीन इमारतींखाली गेली. जी शेती उरली आहे तिच्यात भात, ऊस, भाजीपाला व फुले होतात. परंतु एकेका कुटुंबाचा माल थोडा असतो. तो पुण्याच्या गुलटेकडी येथील मार्केट यार्डात न्यावयाचा तर २५ ते ३० किलोमीटर जावे लागते. दोन-तीनशे किलो मालासाठी स्वतंत्र टेम्पो परवडत नाही आणि घरच्या मोटारीत तो मावत नाही. त्यामुळे मोटारीच्या मागे लहानसा ट्रेलर जोडावा, आणि त्याचा आकार असा ठेवावा की इंधन कमी लागेल, असा विचार अनेक तरुण शेतकऱ्यांच्या मनात येतो. पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण या पट्ट्यात लोखंडी अँगल, पत्रा व कुशल वेल्डर सहज मिळत असल्याने हा विचार प्रत्यक्षात आणणे कठीण वाटत नाही. तथापि, पैसा खर्च करण्यापूर्वी या विषयाचे शास्त्र, त्याच्या मर्यादा व त्यातील धोके समजून घेणे आवश्यक आहे.

गाडीला रोध कशाचा होतो ?

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने धावणाऱ्या गाडीला मुख्यतः दोन प्रकारचा रोध सोसावा लागतो. पहिला चाकांचा. रबरी टायर रस्त्यावर दबतो व पुन्हा फुगतो. या दबण्या-फुगण्यात शक्ती खर्च होते. हा रोध गाडीच्या एकूण वजनावर अवलंबून असतो आणि वेग वाढला तरी त्यात फारसा फरक पडत नाही. डांबरी रस्त्यावर, टायरमध्ये पुरेशी हवा असता, तो वजनाच्या सुमारे सव्वा टक्का असतो. मुरमाड रस्त्यावर तो याच्या दुप्पट-तिप्पट होतो आणि नांगरलेल्या रानात कितीतरी पटींनी वाढतो.

दुसरा रोध हवेचा. हवा दिसत नाही, परंतु गाडीला ती बाजूला सारूनच पुढे जावे लागते. या रोधाचा नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे : वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो, आणि वेग तिप्पट झाला की तो नऊपट होतो. बैलगाडीला वाऱ्याची पर्वा का करावी लागत नाही आणि मोटारीला ती का करावी लागते, याचे उत्तर या एका नियमात आहे.

प्रवाशांसह १,२०० किलो वजनाच्या मध्यम आकाराच्या मोटारीचा हिशेब करून पाहू. तिच्या चाकांचा रोध सुमारे १४ किलो धरावा. म्हणजे कप्पीवरून १४ किलोचे वजन लोंबकळत सोडले असता दोरीला जितकी ओढ बसते तितकी ओढ इंजिनाला केवळ चाकांसाठी लावावी लागते. हवेचा रोध पुण्याच्या उंचीवर पुढीलप्रमाणे येतो :

ताशी २० किलोमीटर वेगास — सुमारे १.३ किलो
ताशी ४० किलोमीटर वेगास — सुमारे ५ किलो
ताशी ६० किलोमीटर वेगास — सुमारे ११.५ किलो
ताशी ८० किलोमीटर वेगास — सुमारे २० किलो

ताशी ६५ ते ७० किलोमीटरच्या सुमारास दोन्ही रोध सारखे होतात. त्याच्या खाली वजनाची सत्ता चालते, त्याच्या वर हवेची. सकाळी-संध्याकाळी हिंजवडीच्या चौकांत वाहनांची रांग लागली असता गाडी ताशी १०-१५ किलोमीटरने सरकत असते. अशा वेळी ट्रेलरचा आकार कितीही सुबक असला तरी त्याचा काही उपयोग होत नाही. पहाटे लवकर निघून मोकळ्या बाह्यवळण मार्गाने जाणाऱ्यासच आकाराचा लाभ मिळू शकतो.

पुढचे तोंड व मागची शेपटी

हवेच्या रोधात केवळ समोरून बसणारा दाब असतो असे नाही. गाडीने दुभंगलेली हवा गाडीच्या मागे पुन्हा एकत्र येण्यास वेळ लागतो. गाडीची पाठ एकदम तुटलेली असेल तर तेथे कमी दाबाची पोकळी निर्माण होते, हवेचे भोवरे उठतात व ते गाडीला मागे खेचतात. म्हणून सर्वांत कमी रोध होणारा आकार पुढे बोथट-गोल व मागे लांबट निमुळता असतो. माशाचे अंग याच घडणीचे असते. समोरून सारख्याच रुंदीच्या तीन वस्तू घेतल्या तर चौकोनी ठोकळ्याचा रोधांक सुमारे १.०५, गोळ्याचा सुमारे ०.४७ आणि थेंबाच्या आकाराच्या वस्तूचा सुमारे ०.०४ इतका येतो.

युरोपात १९२० नंतर पॉल यारे या अभियंत्याने हे तत्त्व मोटारींना लावले. परंतु खरोखर निमुळती शेपटी ठेवावयाची तर मोटार फार लांब होते. १९३० नंतरच्या दशकात जर्मनीतील वुनिबाल्ड काम यांनी असे दाखविले की, शेपटी हळूहळू निमुळती करीत नेऊन मध्येच सरळ कापून टाकली तरी बहुतेक लाभ हाती राहतो. पुढे १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील नासा संस्थेच्या ड्रायडन केंद्रात एका मोटारीवर पत्र्याची चौकोनी पेटी चढवून प्रयोग करण्यात आले. पेटीच्या उभ्या कडा गोल करताच हवेचा रोध सुमारे ४० टक्क्यांनी घटला, आणि उभ्या-आडव्या सर्व कडा गोल केल्यावर तो निम्म्याहून अधिक उतरला. आतील जागा मात्र अगदी थोडी कमी झाली. घरी ट्रेलर करणाऱ्याने या प्रयोगाचा बोध घ्यावा. महागडा पत्रा वा विशेष रंग यांपेक्षा कडांची गोलाई अधिक काम करते.

ट्रेलरने मोटारीचे इंधन वाचेल काय ?

ट्रेलर मोटारीच्या पाठीमागील पोकळीतच बसत असल्याने तो तिची शेपटी होईल व एकट्या मोटारीपेक्षाही कमी इंधन लागेल, अशी कल्पना पुष्कळ जणांची असते. ती तत्त्वतः खोटी नाही. परंतु हिशेबात टिकत नाही. रिकामा ट्रेलर १५० किलोचा व त्यात माल ३०० किलोचा धरला तर एकूण ४५० किलो वजनापोटी चाकांचा रोध सुमारे साडेपाच किलोंनी वाढतो. समजा, ट्रेलरची घडण इतकी उत्तम साधली की मोटारीचा हवेचा रोध २० टक्क्यांनी कमी झाला. तरी ताशी ६० किलोमीटरला ही बचत सव्वादोन किलोंची आणि ताशी ८० ला चार किलोंची होते. म्हणजे वाढ साडेपाचाची व बचत चाराची. बचत वाढीच्या बरोबरीस येण्यास ताशी ९० किलोमीटरहून अधिक वेग लागेल. आणि भरलेला ट्रेलर जोडून त्या वेगाने जाणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय.

तेव्हा योग्य प्रश्न असा विचारावा की, तेवढाच माल दुसऱ्या मार्गाने नेला असता तर किती इंधन लागले असते ? येथे ट्रेलरची बाजू बळकट ठरते. एकट्या मोटारीस लिटरमागे १५ किलोमीटर पडतात असे धरू. तीनशे किलो माल मोटारीच्या पोटातून न्यावयाचा तर ६० किलोमीटरच्या दोन फेऱ्या होऊन ८ लिटर इंधन लागेल. हाच माल गोल कडांच्या, नीट झाकलेल्या ट्रेलरमधून एका फेरीत नेला आणि लिटरमागे १२ किलोमीटर पडले, तर ५ लिटर लागतील. चौकोनी, उंच व फडफडत्या ताडपत्रीच्या ट्रेलरमुळे लिटरमागे १० किलोमीटरच पडले, तर ६ लिटर लागतील. यावरून असे दिसते की दोन फेऱ्यांची एक करण्यात २ लिटर वाचतात आणि आकार सुधारण्यात आणखी एक. पहिली बचत मोठी आहे. दुसरी लहान असली तरी जवळजवळ फुकट मिळण्यासारखी आहे.

टपावर माल रचण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. सव्वा मीटरपेक्षा थोडी कमी रुंद व ६० सेंटिमीटर उंच अशी क्रेटची रास टपावर ठेवली तर ताशी ६० किलोमीटरला सुमारे १० किलो रोध वाढतो. म्हणजे मोटारीचा हवेचा रोध जवळजवळ दुप्पट होतो. शिवाय टपावर ५०-७५ किलोंपेक्षा अधिक माल ठेवता येत नाही आणि वळणावर गाडी कलंडण्याची भीती वाढते.

रचना कशी असावी ?

(१) रुंदी व उंची : ट्रेलर मोटारीच्या रुंदीच्या व उंचीच्या आत राहावा. मोटार १.६५ मीटर रुंद व १.५ मीटर उंच असेल तर ट्रेलरचे खोके १.२ मीटर रुंद व ७५ सेंटिमीटर उंच पुरे. त्याचा तळ रस्त्यापासून अर्ध्या मीटरवर ठेवल्यास माथा सव्वा मीटरवर येतो आणि तो मोटारीच्या आडोशात राहतो. चालकास मागचा रस्ताही दिसतो.

(२) लांबी : १.८ मीटर. २० किलो टोमॅटो मावणारा क्रेट सुमारे ५४ सेंटिमीटर लांब, ३६ रुंद व २९ उंच असतो. या खोक्यात पुढील दोन ओळींत तीन-तीन व शेवटच्या निमुळत्या ओळीत दोन असे आठ क्रेट एका थरात बसतात. दोन थरांत सोळा. पंधरा क्रेट भरले की ३०० किलो माल होतो. यापेक्षा मोठे खोके केल्यास ते भरण्याचा मोह होतो.

(३) पुढचे तोंड : पुढील सर्व कडांना निदान १२ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे अर्धी वीत, त्रिज्येची गोलाई द्यावी. खोक्यापुढे पाव मीटरचा बोथट गोल भाग काढून त्यात हत्यारे व दोर ठेवावेत. मोटार व ट्रेलर यांतील फट जितकी कमी तितकी चांगली. परंतु पूर्ण वळणावर ट्रेलरचा कोपरा मोटारीस लागता कामा नये. जमिनीवर खडूने आखून हे आधी पाहून घ्यावे.

(४) मागची शेपटी : शेवटच्या ६० सेंटिमीटर लांबीत दोन्ही बाजू व माथा आत घ्यावेत. मीटरमागे २० सेंटिमीटर हे प्रमाण ओलांडू नये. म्हणजे ६० सेंटिमीटरांत प्रत्येक बाजू १२ सेंटिमीटर आत येईल. याहून एकदम निमुळते केल्यास हवा पृष्ठभाग सोडून देते, भोवरे उठतात व केलेला खर्च वाया जातो.

(५) झाकण : पत्रा परवडत नसेल तर टपाच्या बैलगाडीप्रमाणे बांबूच्या कामट्यांच्या कमानी करून त्यांवर ताडपत्री ताणून बसवावी. ती ढोलाच्या कातड्यासारखी ताठ असावी. सैल ताडपत्री वाऱ्याने फुगते, फडफडते व फाटते, आणि चांगल्या आकाराचा सगळा लाभ घालविते. खालचा तळ प्लायवूडने सपाट करावा.

(६) वायुवीजन : पालेभाज्या व फुले बंद खोक्यात तापतात व कोमेजतात. पुढे खालच्या बाजूस लहान जाळी व मागे वरच्या बाजूस दुसरी जाळी ठेवावी. मागे दाब कमी असल्याने हवा आपोआप खेळत राहते. क्रेटवर ओले गोणपाट टाकावे.

तोल, जोड व ब्रेक

बैलगाडी हाकणाऱ्यास भार भरण्याचे मर्म सांगावे लागत नाही. भार मागे गेला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. भार फार पुढे आला की बैलांच्या मानेवर ओझे पडते. ट्रेलरचा नियमही हाच आहे. मात्र उलाळ झालेली बैलगाडी जागीच थांबते. उलाळ झालेला ट्रेलर ताशी ६० किलोमीटरला शेपटीसारखा डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो आणि मोटारीलाही फरपटत नेतो. म्हणून एकूण वजनाच्या सुमारे सात ते दहा टक्के भार जोडाच्या दांडीवर आला पाहिजे. ४५० किलोंच्या ट्रेलरला हा भार ३२ ते ४५ किलो येतो. माल भरल्यावर दांडीच्या टोकाखाली वजनकाटा ठेवून तो मोजावा. जड क्रेट तळाशी व आखाच्या किंचित पुढे, हलका माल मागे ठेवावा.

झोके सुरू झाल्यास एकदम ब्रेक दाबू नये व स्टिअरिंग झटक्याने फिरवू नये. पाय ॲक्सिलरेटरवरून काढून वेग आपोआप उतरू द्यावा, मग थांबून भार पुन्हा लावावा.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर त्याचे भरलेले वजन मोटारीच्या वजनाच्या निम्म्याच्या बरेच खाली असावे. चांदणी चौकासारख्या चढ-उतारावर मागचा भार मोटारीस पुढे ढकलतो. तेथे खालचा गिअर ठेवावा व पुढील वाहनापासून नेहमीपेक्षा दुप्पट अंतर राखावे. जोड निसटला तर ट्रेलर सुटू नये म्हणून दोन साखळ्या दांडीखालून परस्परांना छेद देऊन बांधाव्यात. मागचे दिवे, वळणदर्शक दिवे, ब्रेकचे दिवे व परावर्तक पट्ट्या यांवाचून पहाटेच्या अंधारात रस्त्यावर येऊ नये. मोटारीस माल ओढण्याची मुभा तिच्या निर्मात्याने दिली आहे की नाही, हे गाडीबरोबरच्या पुस्तिकेत आधी पाहावे. अनेक लहान मोटारी या कामासाठी बनविलेल्या नसतात.

कायदा काय सांगतो ?

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रेलर हेही मोटार वाहनच समजले जाते. त्याची नोंदणी करावी लागते, त्यावर त्याचा स्वतःचा क्रमांक लागतो आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांकही ट्रेलरच्या मागे दिसावा लागतो. नोंदणी झालेल्या मोटारीच्या रचनेत मनाजोगा फेरफार करण्यासही कलम ५२ ची मर्यादा आहे. केवळ इंधन वाचविण्यासाठी मोटारीच्या पाठीस पत्र्याची शेपटी वेल्ड करणे म्हणूनच योग्य नाही. वाहनांच्या नमुन्यांची चाचणी करणाऱ्या मान्य संस्थांपैकी १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही पुण्यातच आहे. शेतकऱ्याने लोखंड विकत घेण्यापूर्वी आराखड्याचा कागद घेऊन परिवहन कार्यालयात जावे व कोणती मान्यता लागेल हे विचारावे. ट्रेलर तयार झाल्यावर विचारल्यास नकाराची किंमत फार मोठी पडते. शिवाय नोंदणी नसलेल्या ट्रेलरमुळे अपघात झाला तर विम्याची भरपाई अडू शकते आणि एका फेरीच्या इंधनासाठी घरची शेती गहाण पडण्याची वेळ येते. घरी बनविण्यास परवानगी मिळत नसेल तर मान्यताप्राप्त तयार ट्रेलर घेऊन त्यावर गोल कडांचे, काढता-घालता येणारे झाकण बसविता येईल काय, हे त्याच कार्यालयात विचारावे.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीस आकार द्यावा काय ?

देऊ नये. ट्रॅक्टर ताशी २०-२५ किलोमीटरने चालतो. त्या वेगास हवेचा रोध दोन-चार किलोंचा असतो. उलट तीन टनांच्या ट्रॉलीला मुरमाड रस्त्यावर चाकांचा रोध ९० किलोंच्या आसपास असतो. तेथे पैसा टायरमधील हवा, आखाचे वंगण, सरळ रेषेत चालणारी चाके व वाटेची दुरुस्ती यांवर खर्च करावा.

लाभ झाला की नाही, हे कसे ओळखावे ?

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास अंदाजावर विसंबू देऊ नये. एकाच पंपावर टाकी काठोकाठ भरावी, ठरलेल्या मार्गाने, ठरलेल्या वेळी, सारख्याच वेगाने जाऊन परत यावे व त्याच पंपावर पुन्हा भरावी. जाणे व येणे दोन्ही धरल्याने वारा व चढ यांचा परिणाम पुष्कळसा कटतो. टायरमधील हवा प्रत्येक वेळी सारखी असावी. असे तीन वेळा करून सरासरी काढावी; एका फेरीवरून निष्कर्ष काढू नये.

आकार कोठे चुकला हे पाहण्यासाठी दहा सेंटिमीटर लांबीचे रंगीत लोकरीचे धागे एक-एक वीत अंतरावर खोक्यास चिकटवावेत. सकाळच्या उजेडात मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गाडीतील सहप्रवाशाने, चालकाने नव्हे, त्यांचे निरीक्षण करावे. धागे पृष्ठभागास चिकटून मागे वाहत असतील तर हवा तेथे सुरळीत जात आहे. जेथे ते गरगर फिरतात वा उलटे पुढे वळतात तेथे भोवरे आहेत. त्या जागी कड अधिक गोल करावी किंवा शेपटीचा उतार कमी करावा.

सारांश

आठवड्यातून दोन-तीन वेळा दोन-तीनशे किलो माल पाठवावयाचा असेल, मोटार ओढण्यास योग्य असेल व ट्रेलरची नोंदणी होत असेल, तरच ट्रेलरचा विचार करावा. रोज माल जात असेल तर चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून छोटा टेम्पो ठरविणे अधिक किफायतशीर व निर्धोक होय. ट्रेलर केल्यास तो ठेंगणा, अरुंद, गोल कडांचा व घट्ट झाकलेला असावा. भार आखाच्या किंचित पुढे असावा. आणि वेग ताशी ५० ते ६० किलोमीटरच्या वर जाऊ देऊ नये. त्याहून वेगाने गेल्यास हवेचा रोध झपाट्याने वाढून आकाराने वाचविलेले इंधन परत जाते. कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील टेम्पोचे भाडे, मालाचे वजन व फेऱ्यांची संख्या लिहून काढावी, शेतकऱ्यासमोर वरीलप्रमाणे हिशेब मांडावा आणि परिवहन कार्यालयाचे उत्तर हाती आल्यानंतरच कामास आरंभ करण्याचा सल्ला द्यावा.